अदमास

गुरुवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत
मी लोकांचे विम्याचे अर्ज भरून देते.
खिडकीतून खाडी दिसते. ओहोटी असली
की समोरची खुर्ची रिकामी; भरती चढली की रांग.
मेनच्या या किनाऱ्यावर माणसं
चिखल उघडा पडल्यावर कमावतात
आणि बुडल्यावर कागद शोधतात.

आज आर्मंड उलेट.
गुडघाभर उंचीचे बूट दाराशी काढून मोज्यांवर आला.
गळाला लावायची समुद्री गांडुळं खणतो, नगावर विकतो.
चपलांच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या,
भिजून वाळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.
मी त्या नखाने सोडवत बसले.

अर्ज विचारतो: घरात माणसं किती?
तो बोटांवर मोजतो. मी, लोरेट,
वरच्या खोलीत तिची आई, आणि एमील.
मी सांगते, आई आपला कर आपण भरतात, त्या यात नाहीत.
एमील यंदापासून वेल्डिंगला लागला,
त्याचाही कर वेगळा. तोही नाही.
"पण रविवारी जेवतो आमच्याकडेच."
जेवणाचा रकाना नाही, आर्मंड.

चाराचे दोन झाले.
दोघांच्या घराचा उंबरठा बुटका;
माणूस कालच्याएवढाच,
पण आज त्यावरून सहज पलीकडे पडतो.

मग तो प्रश्न, जिथे सगळेच अडतात:
येत्या वर्षी घरात किती उत्पन्न येईल?

तो खिडकीबाहेर बघतो.
"येत्या वर्षीच्या ओहोट्या छापून आल्यात,
तासामिनिटांसकट. ते कॅलेंडर आणून देऊ?
चिखलाखाली काय आहे ते छापत नाहीत."

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण हे अंथरूण पुढच्या सालचं,
अजून मागावर चढलेलं नाही,
आणि पायांची लांबी आजच लिहून द्यायची.
कमी लिहिलं तर मदत जास्त, आणि करासोबत तिची फेड.
जास्त लिहिलं तर दरमहा हप्ता बोकांडी.
फारच कमी लिहिलं तर दारच वेगळं, अर्ज वेगळा.
हे सांगताना माझा आवाज
बँकेच्या फोनमधल्या बाईसारखा होतो.
मला ऐकू येतं ते.

बेरीज केली. पुन्हा केली.
रेषेच्या वर तीनशे बारा डॉलर.
रेषेच्या वर मदत शून्य.

त्याने लोरेटला फोन लावला, स्पीकरवर.
नाताळाआधी ती शेडमध्ये फरच्या फांद्यांची
गोल तोरणं बांधते, एकामागे तीन डॉलर.
तारा पिळून पिळून तिचं उजवं मनगट बधिर झालंय,
त्याचंच ऑपरेशन करायचंय,
त्यासाठीच हा विमा.
पलीकडे क्षणभर काहीच नाही,
मग नळ बंद केल्याचा आवाज.
"म्हणजे मी किती तोरणं बांधायची नाहीत?"

एकशे चार, मी म्हटलं.
"पाच धर. काठावर नको."

चाळीस वर्षांत आर्मंडने कधी
न खणलेल्या गांडुळांचा हिशेब ठेवला नव्हता.
तो माझ्याकडे बघत राहिला,
जणू हे गणित मीच घरून करून आणलं होतं.

मी आकडा भरला. खाली वाक्य होतं:
वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.
त्याने दोनदा वाचलं.
"समजुतीप्रमाणे," तो म्हणाला, "हे बरं लिहिलंय,"
आणि सही केली, मोठी, रकान्याबाहेर जाणारी.

सव्वाचारला पाणी उतरणार होतं.
बूट चढवताना त्याने विचारलं,
गांडुळं जास्त मिळाली तर कळवायचं ना?
हो, म्हटलं. लगेच कळवायचं.

तो गेल्यावर फरशीवर चिखलाचे दोन ठसे राहिले.
पुढची बाई आत येताना
त्यांना वळसा घालून आली.